मार्चमध्ये कापलेले पाणगवत

शनिवारी सकाळी सव्वादहाला पुलाखालच्या पाण्याचे तापमान दहा अंश होते. विल्फ ट्रॉडने थर्मामीटर बाहेर काढला, बाहीला पुसला आणि पुन्हा बुडवला. दहाच. वारा ईशान्येचा, पण हलका होता. ऊन ढगांतून ये-जा करत होते. ग्रॅनम माशी निघायला याहून चांगला दिवस लागत नाही, हे नदीच्या बावीस वर्षांच्या राखणदारीत त्याला पाठ झाले होते. आज ती या पुलाखाली निघणार नाही, हेही त्याला ठाऊक होते. मिसेस क्रॅडॉक बारा वाजता येणार होत्या आणि त्यांना पुलाखालचेच पाणी बघायचे होते.

मर्ल नदीचा हा अडीच मैलांचा पट्टा ॲव्हरिल क्रॅडॉक यांच्या मालकीचा. दीड वर्षापूर्वी वडील वारले, तेव्हा घर, कुरणे आणि नदी त्यांच्याकडे आली. विल्फ नदीबरोबर आला. वडील दर एप्रिलला मत्स्यकेंद्रातून चारशे ट्राउट मासे विकत आणून नदीत सोडायचे, म्हणजे पैसे भरून मासेमारी करणाऱ्या सभासदांच्या गळाला हंगामाच्या पहिल्या दिवसापासून काहीतरी लागायचे. विल्फला ते मासे कधीच आवडले नाहीत. हौदात खाद्याच्या गोळ्या खाऊन फुगलेले, पर झिजलेले, माणसाची सावली पाण्यावर पडली की पळायच्या ऐवजी जवळ येणारे. ते चांगल्या जागा बळकावत आणि नदीत जन्मलेले मासे कडेला हटत. नोव्हेंबरात त्याने धीर करून मालकिणीला सांगितले, की एक वर्ष मासे सोडू नका. नदीत तिचे स्वतःचे पुरेसे आहेत.

मिसेस क्रॅडॉक लंडनमध्ये विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. त्यांनी विचारले, "पुरेसे म्हणजे किती?"

"तुम्ही ग्रॅनमच्या दिवसांत या, मॅडम. एका तासात दहा वेगवेगळे मासे वर येऊन माशी खाताना दाखवतो."

"आणि नाही दिसले तर?"

"तर गाडी बोलवा."

गाडी बोलावलेलीच होती. सोमवारी सकाळी आठ वाजता मत्स्यकेंद्राची टाकीवाली गाडी पुलापाशी उभी राहणार होती. नको असेल तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत फोन करा, असे तिथल्या माणसाने बजावले होते. एकदा चारशे मासे पडले की पुढची दोन-तीन वर्षे नदी पुन्हा त्यांची, आणि विल्फचे बोलणे पुन्हा कुणी ऐकून घेणार नव्हते.

चूक पंचवीस मार्चची होती.

हिवाळा उबदार गेला होता आणि पाणगवत तीन आठवडे पुढे होते. पुलापासून खाली प्रवाहाच्या दिशेने तीनशे यार्डांत ते पृष्ठभागापर्यंत येऊन लोळत होते. तीस तारखेला मिसेस क्रॅडॉक सभासदांच्या पत्रकासाठी फोटो काढायला येणार होत्या. मासे न सोडताही नदी कशी नेटकी राहते ते त्यांना दिसावे, एवढेच विल्फच्या मनात होते. पंचवीस-सव्वीसला, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी, तो लांब दांड्याचा विळा घेऊन पाण्यात उतरला आणि मध्ये मोकळे पाणी, कडेला गवताच्या पट्ट्या, असे त्याने कापून काढले.

खोऱ्यातले राखणदार गवत कापायच्या तारखा मिळून ठरवतात, कारण कापलेले गवत वाहत जाऊन खालच्या माणसाच्या गळात अडकते. यंदाची पहिली तारीख एप्रिलअखेरची होती. तिच्याआधी कुणाला कापावेच लागले, तर काडीही खाली जाऊ द्यायची नाही, ही रीत. विल्फने ती पाळली. पट्ट्याच्या टोकाला आडवा ओंडका टाकून त्याने सगळे गवत अडवले, दाताळ्याने ओढून काठावर घेतले आणि ढीग घातला.

त्याच गुरुवारी ढिगाजवळून जाताना त्याने सहज मूठभर गवत उचलले. देठांना जिऱ्याच्या दाण्यांसारखे तपकिरी कोश ओळीने चिकटले होते. ग्रॅनम हिवाळाभर पाण्याखाली अशाच कोशांत राहते, आणि एप्रिलच्या मध्याला तीन-चार दिवस दुपारी धुरासारखी उठते. ढीग आतून तापला होता. त्याने पंचवीसेक कोश नखाने फोडून पाहिले. एकही जिवंत नव्हता. ग्रॅनम उडून गेल्याशिवाय विळा काढायचा नाही, हे त्याने स्वतः खोऱ्यातल्या सहा जणांना शिकवले होते. गवत वाहू दिले असते आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या, तर यातले निम्मे तरी खाली कुठे अडकून जगले असते.

फोटो छान आले.

तेव्हापासून तो धड जेवला नव्हता. आज सकाळीही बायको, डोरीन, त्याच्या ताटलीकडे बघत बसली होती.

"टोस्टचा पुठ्ठा झाला, विल्फ."

"भूक नाही."

"सांगितलंस का तिला?"

"आज सांगू? गाडी सोमवारी येतेय आणि मी आज सांगू, की मॅडम, तुमच्या नदीतली माशी मी मारली?"

"मग रुळांपलीकडे घेऊन जा. तिकडचे मासे तिचेच ना? का तिकडचे वेगळा पासपोर्ट बाळगतात?"

रुळांपलीकडे म्हणजे रेल्वेच्या भरावाच्या खालचा पट्टा. आल्डरची झाडे दोन्ही काठांवरून पाण्यात वाकलेली, गुडघाभर चिखल, गळाची दोरी फेकायला जागा नाही. सभासद तिकडे जात नसत आणि विल्फही वर्षातून दोनदाच जाई. त्यामुळे तिथल्या गवताला कुणी हात लावला नव्हता. परवा, गुरुवारी, तो भीतभीत तिकडे गेला. बारा चाळीसला माशी उठली. पस्तीस मिनिटांत त्याने सतरा मासे मोजले. परत येऊन त्याने डोरीनला आकडा सांगितला. 

पुलाखाली, नदीकाठच्या बाकावर, ऑब्रे पिंक येऊन बसले होते. वय एक्क्याऐंशी, निवृत्त गुरांचे डॉक्टर. या पाण्यावर शनिवारी गळ टाकायचा हक्क एकतीस वर्षे त्यांचा होता. मासा वर आलेला दिसल्याशिवाय दोरी टाकायची नाही, हा इथला नियम, आणि पिंक तो देवळातल्यासारखा पाळत. गळाची काठी मांडीवर आडवी होती.

"काय रे विल्फ, माश्या संपावर गेल्यात का?"

"वारा गार आहे, साहेब."

"गेल्या शनिवारी म्हणालास ढग आहेत. त्याच्या आदल्या शनिवारी म्हणालास ऊन फार आहे. पुढच्या शनिवारी काय, मतदान आहे म्हणून निघत नाहीत?"

"येतील."

"तीन शनिवार झाले. दोरी ओली केलेली नाही मी." पिंकनी पाण्याकडे हनुवटी केली. "आणि हे असं टक्कल कशानं पडलंय नदीला?"

विल्फने थर्मामीटर खिशात घातला. "हिवाळ्यात पाणी जोरात होतं, साहेब."

"हं." पिंक त्याच्याकडे बघत राहिले. "मी चाळीस वर्षं गाईंच्या पोटात हात घालून काढली. आत काही बिघडलं असलं ना, की मालकाच्या तोंडावरच दिसतं."

विल्फ म्हणाला, मॅडमची वेळ झाली. अजून सव्वा तास होता. तो पूल ओलांडून गेला आणि लाकडी खोपटाच्या मागे, जिथून पिंक दिसत नव्हते तिथे, उभा राहिला.

मिसेस क्रॅडॉक पाच मिनिटे आधी आल्या. गाडीच्या दाराशी बसून त्यांनी रबरी बूट चढवले, वडिलांची जुनी टोपी घातली, खिशात एक वापरलेला लिफाफा आणि पेन्सिल ठेवली.

"चला मिस्टर ट्रॉड. पुलाखाली ना?"

विल्फने दोन दिवस घासून तयार केलेले वाक्य बाहेर काढले. "पुलाखाली उघडं आहे मॅडम, वारा लागतो. रुळांपलीकडे आडोसा आहे. आज माशी तिथं आधी निघेल." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"पण आपलं पुलाखाली ठरलं होतं."

"दहा मासे, असं ठरलं होतं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरोबर. पुलाचा उल्लेख नव्हता." आणि त्या चालू लागल्या. 

भरावाखालच्या कमानीतून वाकून जावे लागते. पलीकडे निघताच मिसेस क्रॅडॉकचा डावा बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. विल्फने बूट ओढून काढला.

"वडील इथं कधी आले नाहीत वाटतं?"

"एकदाच. म्हणाले, इथं मासे धरायला माकड नेमावं लागेल."

"तुम्हाला नेमलं होतं की." त्या हसल्या. विल्फलाही हसावे लागले. त्याला वाटले, ही बाई चांगली आहे. मग वाटले, त्यानेच अवघड होतंय.

एका आडव्या झालेल्या खोडावर दोघे बसले. साडेबारा वाजले. पाणी खडूच्या टेकड्यांतून आलेले, त्यामुळे तळाचा एकेक दगड दिसत होता. गवत लांब हिरव्या वेण्यांसारखे हलत होते. माशी नव्हती. पावणेएकला ढग आला आणि तिथेच थांबला. मिसेस क्रॅडॉकनी सॉसेज रोल काढले, एक त्याला दिला. त्याने तो हातात धरून ठेवला.

"मला तीनला निघायचंय," त्या म्हणाल्या. "एक तास म्हणजे दोनपर्यंत. ठीक?"

"ठीक."

परवा निघाली म्हणजे आज निघेलच असे नाही. कधी दोन दिवसांत सगळी संपते. परवाचा दिवस शेवटचा असेल तर? विल्फने पाण्यावर वाकलेल्या फांद्यांकडे पाहिले. माश्या टिपणारे एक मार्टिन पाखरू पाण्यालगत उडत गेले आणि परत फिरले नाही. वाईट खूण. माशी असती तर ते फिरले असते. एक वाजला. एक वाजून चार मिनिटे झाली.

"मिस्टर ट्रॉड, तुम्ही तो रोल पिळून टाकलाय."

त्याने हात उघडला. तेवढ्यात ढगाची कड उजळली आणि गवताच्या एका वेणीवरून करड्या रंगाचे काहीतरी सरळ वर उठले. मग दुसरे. मग मोजता येईनात. पाण्यावर हातभर उंचीपर्यंत धुके फिरू लागले. ते धुके त्यांच्या टोप्यांवर, बाह्यांवर, रोलच्या कागदावर बसले. मार्टिनची पाखरे कुठून तरी सहा-सात आली.

"तो," विल्फ म्हणाला. पलीकडच्या काठाला मुळाशी पाणी फुटले आणि वर्तुळ पसरले.

"एक," मिसेस क्रॅडॉक म्हणाल्या आणि लिफाफ्यावर नदीची दोन रेघांत आकृती काढून त्यात फुली मारली.

त्या बारकाईने मोजत होत्या. प्रत्येक फुलीशी वेळ लिहीत होत्या. सहा मासे दहा मिनिटांत झाले. सातवा खाली वळणापाशी, आठवा अगदी पायाशी, इतका की दोघांनी श्वास धरला. नवव्यानंतर मात्र तेच ते मासे पुन्हापुन्हा वर येऊ लागले.

"तिथं. दहावा."

"तो मघाचाच, मुळाजवळचा."

"नाही मॅडम, मुळाजवळचा हातभर वर आहे. हा लहान आहे."

"मला दोघं एकाच वेळी दिसले तर मानीन. नाहीतर नाही."

एक वाजून एकतीस. माशी पातळ होत चालली होती. विल्फला मुळाजवळचे दोन्ही मासे डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होते, एक अर्ध्या हाताचा, एक त्याहून बोटभर लहान, पण ते एकेक करून येत आणि मिसेस क्रॅडॉक दर वेळी मान हलवत. त्याला ओरडावेसे वाटत होते. पावणेदोनला चार मिनिटे असताना दोन वर्तुळे एकमेकांत शिरली.

"दोघं," त्या म्हणाल्या आणि फुली मारली. मग वळणाखाली आणखी एक, झुडपाशी आणखी एक. बारा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ठीक आहे मिस्टर ट्रॉड. गाडी रद्द. इथं फोन लागत नाही, रस्त्यावर गेलं की करते."

 विल्फ टोपी काढून उभा राहिला.

"खरं सांगू? मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता," त्या उठत म्हणाल्या. "हा पट्टा वाया जातोय, एवढंच. सभासदांना इथं आणायचं तर दोरी फेकायला जागा हवी. पुलाखाली तुम्ही ते गवत कापून घेतलंत ना, ते फोटो बघून तिघांनी मला पत्र लिहिलं. दोन नवे सभासद आले त्यावर. तसंच इथं करून घेऊ. पुढच्या मार्चमध्ये." त्यांनी लिफाफा पुन्हा काढला आणि फुल्यांच्या खाली लिहिले: मार्च, गवत. "तुम्हाला एकट्याला जमणार नाही. मी चार माणसं लावते."

विल्फ म्हणू शकत होता, बघू. मार्चला अकरा महिने होते. तेव्हा पाणी जास्त आहे म्हणता आले असते, माणसे मिळत नाहीत म्हणता आले असते. पण ती माणसे त्या बोलावणार होत्या, आणि त्या जे लिहीत ते करून घेत. आणि पुलाखाली माशी का नाही हे त्याच्याशिवाय फक्त डोरीनला माहीत होते. डोरीन त्याला टोचायची, पण मालकिणीला सांगायला जाणार नव्हती.

"इथं मार्चमध्ये कापायचं नाही, मॅडम."

"का?"

"माशी त्या गवतातच असते. कोशांत. मार्चमध्ये गवत काढलं की माशी काढली."

त्या थांबल्या. "पुलाखाली काढलंत की."

"हो."

मिसेस क्रॅडॉकनी टोपी मागे सारली. आवाज बदलला नाही, पण प्रश्न लहान झाले.

"कधी?"

"पंचवीस आणि सव्वीस मार्च."

"किती?"

"तीनशे यार्ड."

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. नेटकं दिसावं म्हणून कापलं. फोटोसाठी. वाटलं, थोडंसंच आहे."

"आज आपण पुलाखाली बसलो असतो तर किती मासे दिसले असते?"

"मासे आहेत तिथं. वर आले नसते."

"म्हणजे शून्य."

"शून्य."

"आणि हे तुम्हाला सकाळी माहीत होतं."

"तीन आठवडे माहीत आहे, मॅडम."

मिसेस क्रॅडॉकनी लिफाफ्याची घडी घातली. "माझ्याकडे अशी माणसं येतात. स्वतःच्या चुकीनं जिथं आग लागली त्या खोलीला कुलूप घालतात आणि मला बाकीचं घर फिरवून दाखवतात. पडदे बघा, फरशी बघा." त्यांनी घडी आणखी लहान केली. "बहुतेक वेळा मी ते दार उघडून घेते. आज मी उघडलं नाही. मी सॉसेज रोल खात बसले."



त्या पुढे निघाल्या. कमानीतून जाताना त्यांनी त्याचा हात घेतला नाही. तो दहा पावले मागे चालत राहिला आणि मनात तेच ते जमवत राहिला. दहा मासे ठरले होते, बारा दिसले, नदी तीच होती. पण त्यांनी फसवणूक म्हटले तर ती फसवणूकच होती. गाडी येऊ द्या, असे त्या म्हणाल्या तर त्याला अडवता येणार नव्हते. चारशे मासे पुलापाशी पडतील, आठवड्यात खाली पसरतील, आणि ते बारा आल्डरांच्या मुळांतून हुसकले जातील. तोंड मिटून राहिला असता तर हे टळले होते. पाच मिनिटांपूर्वी टळलेच होते.

रस्त्याला लागताच मिसेस क्रॅडॉकनी फोन काढला आणि पाठ फिरवली. दोन वाजून बावीस मिनिटे. विल्फ कुंपणाच्या फाटकाशी थांबला. त्या काहीतरी बोलल्या, थांबल्या, ऐकत राहिल्या. तेवढ्यात खडीचा ट्रॅक्टर गेला आणि त्याला एक शब्दही ऐकू आला नाही. त्या पुन्हा बोलल्या. मान हलली. होकाराची का नकाराची, ते पाठीवरून कळत नव्हते.

त्या परत आल्या. "गाडी येणार नाही. मासे मी मोजलेत, आणि माझं मोजणं खोटं नाही."

"मॅडम…"

"थांबा. पुलाखालच्या माशांना आता काय लागेल?"

विल्फने विचार केला. आता खोटे बोलायचे कारण उरले नव्हते, त्यामुळे उत्तर पटकन आले आणि ते देताना त्याला कळले की आपण काय देतो आहोत. "शांतता. आधीच खाणं कमी आहे. त्यांच्यावर गळ नको."

"किती दिवस?"

"पुढची ग्रॅनम होईपर्यंत."

"मग पुलाखालचं पाणी पुढच्या एप्रिलपर्यंत बंद. तिथले सभासद किती?"

"तीन."

"त्यांना पत्र मी लिहिणार नाही. तुम्ही तोंडानं सांगा. कारणासकट, तारखेसकट. आज तिथं कोण आहे?"

"मिस्टर पिंक."

"मग त्यांच्यापासून," त्या म्हणाल्या आणि बूट काढायला गाडीच्या दाराशी बसल्या.

पिंक त्याच बाकावर होते. काठी मांडीवरच. थर्मासचे झाकण बाकावर पालथे.

"बाईंना दिसले का मासे?"

"बारा. रुळांपलीकडे."

"रुळांपलीकडे!" पिंक वळले. "मग इथं का…" आणि ते थांबले, कारण विल्फने टोपी काढली होती.

त्याने उभ्याउभ्याच सांगितले. पंचवीस मार्च, सव्वीस मार्च, विळा, ओंडका, ढीग. शेवटी, पाणी बंद. पिंकनी मध्ये एकही टोमणा मारला नाही, आणि विल्फला तेच जड गेले.

"ग्रॅनमच्या आधी," पिंक म्हणाले. "तू."

"हो साहेब."

"इथं एखाद्या नवख्या पोरानं कापलं असतं तर मी समजलो असतो. तू कापलंस?"

"हो."

"आणि सकाळी मला सांगितलंस पाणी जोरात होतं."

"हो."

पिंक पाण्याकडे वळले. "पुढचा एप्रिल. मला जूनमध्ये ब्याऐंशी पूर्ण होतील, विल्फ."

"मी तुम्हाला तुमचा शनिवार दुसरीकडे देतो. आल्डरांखाली. हाताला धरून नेतो."

"त्या चिखलात? खांद्यावर घेशील?"

"घेईन."

"मूर्खासारखं बोलू नकोस." पिंकनी काठीच्या टोकाची दोरी हातात घेतली आणि बनावट माशी सोडवायला लागले.  गाठ सुटत नव्हती. विल्फचा हात पुढे झाला आणि त्याने तो मागे घेतला. चार मिनिटांनी गाठ सुटली. पिंकनी माशी डबीत ठेवली, डबीचे झाकण लावले, काठीचे दोन तुकडे वेगळे केले आणि कापडी पिशवीत घातले. तीन शनिवार कोरडी राहिलेली दोरी त्यांनी चाकावर गुंडाळली.

"बस," ते म्हणाले.

विल्फ बाकाच्या टोकाला बसला.

"मासेमारी बंद आहे ना? बसणं तर बंद नाही?"

"नाही साहेब."

तीन वाजता ऊन पुलाच्या कमानीत शिरले. पिंकनीच आधी पाहिले. "ती बघ. खालून येतेय." करड्या पंखांची एक माशी पाण्यालगत प्रवाहाविरुद्ध येत होती, पोटाच्या टोकाला हिरव्या अंड्यांचा मणी. मादी अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला येते, कधी मैलभरसुद्धा, आणि पुढच्या एप्रिलची माशी त्याच अंड्यांतून निघते. ती कमानीच्या दगडाला टेकली आणि पाण्यात उतरली. विल्फ उठून उभा राहिला. पाठोपाठ आणखी दोन आल्या, मग थोड्या वेळाने एक.

"चार," विल्फ म्हणाला.

"चार माश्यांना ग्रॅनम म्हणत नाहीत."

"नाही साहेब."

"मोजत राहा."

साडेचारपर्यंत पाचवी आली नव्हती.